आधी विचारा

१९९४ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, मला एका मनोरुग्णालयात दाखल केलं होतं. पहिल्याच दिवशी माझी कमरेपर्यंतची वेणी कापली. का, तर उवा होतात! मला उवा नव्हत्या. पण कुणी बघितलं नाही, विचारलंही नाही. औषधांनी मी बरी झाले, डॉक्टरही भले होते. तरी आजार विसरले, वेणी विसरले नाही.

पुढे २००६ साली एका संस्थेनं मला कामाला बोलावलं. हा आजार ज्यांनी भोगलाय, त्यांनी रुग्णांना सोबत करायची, असं ते काम. पहिल्या दिवशी चहा आला. सगळ्यांना कपबशी, मला वॉर्डातला पेला. मुद्दाम कुणी केलं नसेल. पण घोट घशाखाली उतरेना. पगार मिळाला म्हणजे बरोबरी मिळतेच असं नाही.

मग आमच्यासारख्यांचा उपयोग काय? एक उदाहरण सांगते. एक बाई गोळ्या थुंकून टाकायची. कागदावर शेरा होता, ‘सहकार्य करत नाही’. मी शेजारी बसून विचारलं, ‘मावशी, हात थरथरतात का हो?’ ती रडायलाच लागली. चहा सांडायचा, बाकीच्या हसायच्या. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी औषध बदललं. मला हे पुस्तकानं शिकवलं नव्हतं, माझ्याच हातांनी शिकवलं होतं.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीला आग लागली. साखळदंडानं बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जीव गेले. २००७ साली भारतानं अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला आणि २०१७ साली नवा मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. शरीराच्या आजाराला जी वागणूक, तीच मनाच्या आजाराला, असं तो सांगतो. साखळदंडाला बंदी आहे. सक्तीनं केस काढायचे नाहीत, स्वतःचे कपडे घालू द्यायचे. पुढे आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं. राज्याच्या प्राधिकरणावर आजार भोगलेल्यांच्या प्रतिनिधींनाही जागा आहे.

कायदा आला तेव्हा आमच्या मेट्रन म्हणाल्या, ‘ताई, इतक्या बायकांचे केस विंचरायला माणसं कुठून आणू?’ त्यांचंही खोटं नव्हतं. मग आम्ही चौघींनी दुपारचा एक तास ठरवला. फणी, तेल, उवांचं औषध घेऊन बसायचं. एकदा एक नवी मुलगी वेणी घट्ट धरून आली. ‘कापणार का?’ मी म्हटलं, ‘तुला काय वाटतं?’ बराच वेळ विचार करून ती म्हणाली, ‘कापा, पण खांद्यापर्यंतच.’

श्रोतेहो, तुमच्या घरातलं कुणी असं बरं होऊन आलं, तर त्याच्या औषधांची काळजी घ्याच. पण त्याच्या लग्नाचं, नोकरीचं, पैशांचं ठरवताना त्यालाही बोलवा. आधी त्याला विचारा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)