तेविसावा माणूस

पाहुणे कधी आवरतात म्हणून मघापासून घड्याळ बघणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

फेटा बांधलाय, नारळ हातात दिलाय, म्हणजे आता बोलणं भाग आहे. निवेदकांनी माझी ओळख ‘नामवंत फुटबॉलपटू’ अशी करून दिली. तसं काही नाही. मी पंच आहे. तुम्ही ज्याला रेफ्री म्हणता, तो. लातुरात बँकेत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी शिट्टी घेऊन धावतो. बावीस जण चेंडूमागे असतात, तेविसावा मी. चेंडूला पाय लावायची मुभा नसलेला.

नांदेड-लातुरात फुटबॉलवर बोलायचं म्हणजे धाडसच. लातूर पॅटर्नचा मुलूख आपला; इथे नीट आणि जेईईपुढे कुणाचं चालत नाही. नांदेडला हॉकीची निदान परंपरा तरी आहे. फुटबॉल आपल्याकडे खऱ्या अर्थानं घरोघरी पोचवायचा प्रयत्न झाला 2017 मध्ये. नवी मुंबईत 17 वर्षांखालील विश्वचषकाचे सामने व्हायचे होते, म्हणून 15 सप्टेंबरला ‘मिशन वन मिलियन’ झालं आणि शाळाशाळांत चेंडू वाटले गेले. त्यातले किती चेंडू हवा गेलेल्या अवस्थेत कपाटात पडलेत, ते तुमच्या क्रीडाशिक्षकांना विचारा. मी विचारलं तर ते मला चहा देणार नाहीत.

खेळाडू व्हायचं तर बारा-तेराव्या वर्षापासून चांगला प्रशिक्षक लागतो, रोजचे सामने लागतात. आपल्याकडच्या मुलाला ते मिळणं अवघड आहे, उगाच खोटं कशाला सांगू? पंचाचं गणित वेगळं. कॉलेजात आल्यावर सुरुवात केली तरी उशीर होत नाही. इटलीचे पियेरलुइजी कोलिना सतराव्या वर्षी पंचांच्या वर्गाला बसले, पुढे अर्थशास्त्राची पदवी घेतली, आर्थिक सल्लागार म्हणून काम केलं आणि 2002 च्या विश्वचषकाची अंतिम लढत त्यांनी चालवली. 2010 च्या अंतिम सामन्याचे हॉवर्ड वेब मूळचे पोलीस. त्याच 2002 च्या विश्वचषकात आपल्या चेन्नईचे कोमलेश्वरन शंकर साहाय्यक पंच होते. भारताचा संघ तिथे आजवर पोचलेला नाही, पण भारताचा झेंडेवाला पोचला!

फुटबॉलचे नियम फक्त सतरा. पाठांतरात आपण कुणाला ऐकत नाही, तेव्हा एक प्रश्न विचारतो. थ्रो-इनचा चेंडू कुणालाही न लागता थेट समोरच्या गोलात गेला, तर काय द्याल? ...‘गोल’ म्हणणारे सगळे नापास. गोल-किक. आणि तोच चेंडू फेकणाऱ्याच्या स्वतःच्याच गोलात गेला तर? कॉर्नर. मागच्या रांगेतल्या त्या मुलीनं दोन्ही बरोबर सांगितलं. तिनं कार्यक्रम संपल्यावर मला भेटावं.

लेखी पास झालात तरी पुढे पळायचं असतं. आंतरराष्ट्रीय पुरुष पंचांची चाचणी ऐका: 40 मीटरच्या सहा दौडी, प्रत्येक सहा सेकंदांच्या आत. मग 75 मीटर पंधरा सेकंदांत पळायचं, 25 मीटर अठरा सेकंदांत चालायचं, आणि हे चाळीस वेळा. म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकला दहा फेरे. सकाळी गच्चीवर मोबाईल घेऊन फिरणं यात धरत नाहीत.

खरी परीक्षा मात्र मैदानावर. गावची स्पर्धा, शेवटची पाच मिनिटं, यजमान संघानं चेंडू जाळ्यात मारलाय, ढोल सुरू झालाय आणि साहाय्यक पंचाचा झेंडा वर आहे. ऑफसाइड. संयोजकांपैकी एक जण कडेनं ओरडतो, “साहेब, पोरांच्या मेहनतीकडं बघा की जरा!” तेव्हा शिट्टी एकदाच वाजवायची, पण ठणठणीत. हात सरळ वर, कारण फ्री-किक अप्रत्यक्ष आहे. अंगावर येणाऱ्यापासून दोन पावलं मागं व्हायचं आणि तोंड बंद ठेवायचं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमी भिडतात तेव्हा पंच कसा उभा राहतो, हे एकदा जाऊन बघाच.

मुलींनो, 1 डिसेंबर 2022 ला स्तेफानी फ्रापार या फ्रेंच बाईंनी पुरुषांच्या विश्वचषकात जर्मनीचा सामना चालवला. इतक्या लांब जायचं नसेल तर आपल्या शेजारच्या गोव्याच्या उवेना फर्नांडिस बघा. 2016 मध्ये जॉर्डनला मुलींच्या 17 वर्षांखालील विश्वचषकात त्या साहाय्यक पंच होत्या.

पालक धास्तावलेले दिसतात, म्हणून पैशाचंही सांगतो. जिल्हा पातळीवरच्या मानधनात घर चालत नाही. देशातले बहुतेक पंच नोकरी सांभाळून हे करतात, तेव्हा डिग्री पूर्ण कराच. जिल्हा संघटनेकडे नाव द्या, आंतरशालेय सामन्यांत झेंडा धरा, राज्य संघटनेची परीक्षा द्या, मग राष्ट्रीय महासंघाची. फिफाच्या यादीत मुख्य पंच म्हणून जायला किमान वय 25 लागतं, साहाय्यकाला 23. तुमच्यातले बहुतेक जण सतरा-अठराचे. हिशेब तुम्हीच करा.

उद्या सकाळी साडेसहाला मी तुमच्याच मैदानावर आहे. ज्यांना ऑफसाइड अजून समजलेलं नाही त्यांनी यावं; बूट नसले तरी चालेल. आता नाटकवाल्यांचा मेकअप उतरायला लागलाय, मी बसतो.