पुस्तकांच्या आजीचे स्मरण
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी सभागृहात केलेले भाषण)



ज्यांनी हे देऊळ उभारण्यास हात लावला, ज्यांनी घंटेसाठी वर्गणी जमविली, ज्यांनी शाळेसाठी आपली जमीन दिली, त्या सर्वांचे स्मरण आज सकाळपासून ह्या व्यासपीठावरून आदरपूर्वक झाले, आणि ते यथायोग्यच झाले. परंतु जिच्या नावाचा एकही दगड ह्या देवळाच्या भिंतीत नाही, जिने आयुष्यभर केवळ मुलांच्या हाती पुस्तके ठेवली, अशा एका वृद्ध स्त्रीविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हां नातवंडांस झाली आहे. आम्ही तिघे भावंडे आहोत. बोलणारा एक असला तरी बोल तिघांचे आहेत. आजींचे नाव आम्ही येथे उच्चारीत नाही, कारण हयातीत त्यांस नावाने कोणी हाक मारलीच नाही. थोरांच्या त्या 'बाई' होत्या आणि लहानांच्या 'पुस्तकांची आजी'.

आजींचा जन्म १९३८ साली ह्याच वसईतील एका बागायतदाराच्या घरी झाला. केळीची बाग, पानवेलींचा मांडव आणि विहिरीवरचा रहाट हेच त्या घरचे वैभव. पहाटे वडील भाजीच्या व फुलांच्या टोपल्या घेऊन मुंबईची गाडी गाठीत. घरात प्रार्थनेच्या पुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नव्हते. उपवासकाळात मात्र आजीची आजी ख्रिस्तपुराणातील काही ओव्या तोंडपाठ म्हणत असे, आणि सारी वाडी ओटीवर बसून ऐके. अक्षर न ओळखणाऱ्या त्या म्हातारीनेच आपणांस प्रथम पुस्तकाची गोडी लावली, असे आजी नेहमी सांगत. १९५६ साली त्या मॅट्रिक झाल्या, पुढे ग्रंथालयशास्त्राचे अल्पस्वल्प शिक्षण घेतले आणि १९६० साली मुंबईच्या एका ग्रंथालयातील बालविभागात नोकरीस लागल्या. तेथेच ३६ वर्षे सेवा करून १९९६ साली त्या निवृत्त झाल्या.

बालविभागातील काम म्हणजे पुस्तके देणे आणि घेणे, असे पुष्कळांस वाटते. आजींची रीत निराळी होती. दाराशी त्यांनी पाण्याचा माठ व स्वच्छ पंचा ठेविला होता. हात धुतल्याशिवाय पुस्तकास स्पर्श करावयाचा नाही, हा तेथील पहिला नियम. पुस्तकास खाकी कागदाचे वेष्टन कसे घालावे, पान दुमडण्याऐवजी खुणेची पट्टी कशी ठेवावी, हे त्या प्रत्येक मुलास स्वतः शिकवीत. मूल प्रथमच आले म्हणजे "तुला कोणते पुस्तक हवे?" असे त्या विचारीत नसत; कारण जे कधी पाहिले नाही ते मागणार तरी कसे? त्या विचारीत, "बाळ, तुझ्या घरी कोण कोण आहे?" मूल सांगू लागे, आणि त्या सांगण्यावरूनच आजी पुस्तक निवडीत. आई नसलेल्या मुलाच्या हाती त्या 'श्यामची आई' लगेच देत नसत. त्यास प्रथम हसविणारे पुस्तक देत, आणि साने गुरुजींचे पुस्तक काही महिन्यांनी, त्याच्याजवळ बसून. आधी परीकथा, मग 'चांदोबा', १९७१ पासून 'किशोर' मासिक, पुढे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, अशा पायऱ्यांनी त्या मुलांस वर चढवीत.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावा, हे त्यांपैकी दोन. आजी म्हणत, "पहिले काम सोपे आहे रे, दुसरे कठीण. जे पुस्तक कोणी उचलीत नाही, त्याचे मूल कोठेतरी वाट चुकले आहे, एवढेच समजावे."

येथपर्यंत सांगितले ते सर्व गौरवाचे झाले. परंतु देवाच्या घरात उभे राहून अर्धेच सत्य सांगणे आम्हांस शोभणार नाही, आणि आजींस तर ते मुळीच रुचले नसते. वसईहून चर्चगेट सुमारे ५० किलोमीटर. आजी उजाडण्यापूर्वी घर सोडीत आणि दिवेलागणीनंतर परतत. शनिवारी बालविभागात त्यांच्या कथाकथनास मुलांची दाटी होई, आणि त्याच शनिवारी त्यांची स्वतःची दोन मुले पडवीत बसून रस्त्याकडे डोळे लावीत. आमची आई त्यांपैकी एक. वाट पाहता पाहता ती झोपी जाई. मोठी झाल्यावर तिने एकदा रागाच्या भरात म्हटले, "आई, तुझ्या गोष्टी साऱ्या मुंबईने ऐकल्या, आम्ही तेवढ्या ऐकल्या नाहीत." आजींनी उत्तर दिले नाही. त्या उठून विहिरीकडे गेल्या आणि पुष्कळ वेळ परतल्या नाहीत, असे आई सांगते.

निवृत्तीच्या दिवशी घरी येताच त्या आईस म्हणाल्या, "तुझे देणे माझ्याकडून फिटले नाही. ते आता तुझ्या लेकरांत फेडीन." आणि त्यांनी ते अक्षरशः फेडले. आम्हांस न्हाऊ घालणे, शाळेत पोहोचविणे, आजारपणात उशाशी बसणे, रात्री जपमाळ झाल्यावर एक गोष्ट सांगणे, ह्यांत वर्षानुवर्षे खंड पडला नाही. आम्ही गोष्ट ऐकत असता आमची आई दाराआड उभी राहून ती ऐके. आजींस ते ठाऊक होते. म्हणून त्या आवाज थोडा मोठा करीत.

निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून आजींनी चार खणांचे एक लाकडी कपाट करविले आणि धर्मगुरूंच्या अनुमतीने ते ह्या सभागृहाच्या पडवीत ठेविले. दर रविवारी मिस्सेनंतर एक तास त्या तेथे बसत. वर्गणी नाही, अनामत नाही. माठ आणि पंचा मात्र येथेही आला. त्याच १९९६ साली फादर करिदाद द्रागो यांनी संपादिलेली ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती मुंबईत प्रसिद्ध झाली होती. आजींनी ती विकत घेऊन सर्वांत वरच्या खणात ठेविली. हा ग्रंथ फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचिला आणि १६१६ साली गोव्यात रायतूर येथे तो रोमन अक्षरांत छापला गेला, हे आपणांपैकी अनेकांस विदित आहेच.

२०१८ च्या जुलै महिन्यात वसईत पाणी भरले, ते दिवस कोण विसरेल? पडवीत पाणी शिरले आणि कपाटाचे खालचे दोन खण बुडाले. पाणी ओसरल्यावर कोणी सद्‌हेतूने ती पुस्तके उन्हात पसरू लागले. ८० वर्षांच्या आजी काठी टेकीत आल्या आणि म्हणाल्या, "उन्हात नको, पाने वाकडी होतील, बांधणी सुटेल." मग सभागृहात दोऱ्या बांधल्या गेल्या. वाडीतील मुलांनी जुनी वर्तमानपत्रे आणली. ओल्या पानांत कागद घालावयाचा, तो भिजला की बदलावयाचा, आणि पंख्याच्या वाऱ्यावर पुस्तक उभे ठेवावयाचे, असे काम आठ दिवस चालले. काही पुस्तके गेली, पण बहुतेक वाचली. त्या आठ दिवसांत ज्या मुलांनी कधी पुस्तक मागितले नव्हते, त्यांनीच पाने उलटता उलटता ती वाचावयास आरंभ केला.

ह्यानंतर काचबिंदूने आजींची दृष्टी मंदावत गेली आणि अखेरीस संपली. एके दिवशी त्यांनी ख्रिस्तपुराण आणविले व आम्हांस म्हटले, "आता तुम्ही वाचा, मी ऐकते." आम्ही तिघेही इंग्रजी शाळेत शिकलेलो. त्यांच्या गोष्टी ऐकत वाढलो खरे, पण मराठी पुस्तक आपण होऊन कधी हाती धरले नव्हते. शहरातील मित्रांसमोर घरची बोली बोलण्याचीही आम्हांस लाज वाटे. त्या संध्याकाळी एकेका ओवीवर आम्ही अडखळलो. जिने हजारो मुलांस वाचावयास शिकविले, तिच्याच घरी आम्ही निरक्षरासारखे बसलो होतो. आजी रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "इंग्लंडचे फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांचीही जीभ प्रथम अशीच अडखळली असेल. पुन्हा म्हणा." दृष्टी गेलेल्या त्या स्त्रीने बालपणी ऐकलेल्या ओव्यांच्या आधाराने आमची चूक सुधारली, शब्द फोडून दाखविला, चाल लावून दिली. तीन उपवासकाळ हे वाचन चालले. ग्रंथ पुरा झाला नाही. २०२२ च्या उपवासकाळात, खूण जेथे ठेविली होती तेथेच ती राहिली, आणि आजी प्रभुचरणी विलीन झाल्या. ती खुणेची पट्टी आम्ही अद्याप हलविलेली नाही. तिच्यापुढील ओव्या मात्र वाचीत आहोत. आता आमची आई ऐकते, आणि दाराआडून नव्हे.

बंधुभगिनींनो, मृताची स्तुती करून घरी जाणे सोपे असते. परंतु आजींचे कपाट अजून पडवीतच उभे आहे. त्याची किल्ली वेदीमागील खोलीत खिळ्यास टांगलेली आहे. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघे तेथे एक तास बसतो. उरलेले रविवार कपाट बंद असते, आणि मिस्सेनंतर काही मुले त्याच्या काचेस नाक लावून परत जातात. आम्ही पैसा मागत नाही, पुस्तकेही मागत नाही. आपणांपैकी कोणी एक रविवार पत्करावा, माठ भरावा, आणि नव्याने आलेल्या मुलास विचारावे, "बाळ, तुझ्या घरी कोण कोण आहे?" महोत्सवाच्या वर्षी एवढे घडले तर जिच्या नावाचा दगड भिंतीत नाही, तिचे स्मरण ह्या धर्मग्रामात जिवंत राहील.

प्रभू त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो, आणि त्यांनी ज्यांस वाचावयास शिकविले त्या सर्वांस, आपले देणे वेळेवर फेडण्याची बुद्धी देवो.