किशोरवयातील नैराश्य आणि प्रकाशोपचार

ठरावीक वेळी, ठरावीक तीव्रतेचा उजेड डोळ्यांपर्यंत पोहोचवून नैराश्य कमी करण्याच्या पद्धतीला प्रकाशोपचार म्हणतात. अमेरिकेत नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा उपचार वैद्यकात रुळला. खास दिव्याची नेहमीची मात्रा 10,000 लक्स (लक्स हे उजेडाच्या तीव्रतेचे एकक), सकाळी उठल्यावर अर्धा तास. दिव्याकडे टक लावायची नसते. तो समोर ठेवून वाचता येते, नाश्ताही करता येतो.

डोळ्याच्या पडद्यातील काही पेशींचे मुख्य काम मेंदूतील घड्याळाला दिवस उजाडल्याची खबर देणे हे असते. वयात येताना हे घड्याळ मागे पडते. झोप उशिरा लागते, शाळा मात्र वेळेवर भरते. त्यात नैराश्य आले की मूल अंथरूण सोडत नाही, आणि घरचे त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. सकाळचा उजेड हे घड्याळ पुढे आणतो, म्हणून किशोरांसाठी या उपचाराचा विचार होतो.

दिवा जन्मला तो उत्तरेकडच्या अंधाऱ्या हिवाळ्यासाठी. 21 डिसेंबरला ओस्लोत दिवस जेमतेम सहा तासांचा, तर मध्य प्रदेशातल्या आपल्या पांढुर्णा-सौंसरला पावणेअकरा तासांचा. इथे उजेडाचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो बंद खोलीत. ट्यूबलाइटखाली काही शे लक्स मिळतात, ढगाळ दिवशीही अंगणात हजारो. त्यामुळे महागडा दिवा मागवण्याआधी सकाळचे अंगण किंवा संत्र्याच्या बागेचा बांध वापरून पाहणे शहाणपणाचे. सूर्याकडे थेट मात्र पाहू नये. उदास मूल आपणहून बाहेर पडत नाही; सोबत कोणीतरी जावे लागते.

पुरावा किती? कॅनडातील एका चाचणीत 122 प्रौढ रुग्ण होते, नैराश्य ऋतूशी न जोडलेले. 2016 मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार नुसता प्रकाश, तसेच प्रकाश आणि फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध एकत्र, हे दोन्ही दिखाऊ उपचारापेक्षा सरस ठरले. किशोरांवरील चाचण्या लहान आहेत. म्हणून समुपदेशन आणि औषध यांना जोड, एवढेच प्रकाशोपचाराचे स्थान.

डोकेदुखी, डोळ्यांवर ताण हे त्रास सौम्य असतात. बायपोलर आजारात मात्र प्रकाशाने उन्माद उसळू शकतो. डोळ्याच्या पडद्याचा विकार असल्यास किंवा त्वचा उजेडाला हळवी करणारी औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. मूल मरणाची भाषा बोलू लागले तर उजेडाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली सरकारी टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते.