टप आधी बघा



महाराष्ट्राचं कॅरावॅन पर्यटन धोरण आलं 2021 साली.
अशी चाकांवरची घरं आता कोकणच्या रस्त्यावरही दिसतात.
आज बोलूया त्यांच्या टपाबद्दल.

टप सहसा मधोमध गळत नाही.
गळतो तो सांध्यात.

झरोक्याची चौकट…
सोलर पॅनेलचे स्क्रू…
कडेची पट्टी…
पाणी शिरतं ते इथूनच.

गाडी खड्ड्यांतून हादरते.
पत्रा उन्हानं फुगतो, रात्री आकसतो.
जुनं सीलंट कडक होतं.
मग त्याला केसासारखी चीर पडते.

आणि पाणी मोठं लबाड!
शिरतं एकीकडे, ठिबकतं भलतीकडेच.
म्हणून आतला डाग बघून थांबू नका.
शिडी लावा. वर सांधा बघा.

हे काम मे महिन्यातच उरका.
सुटलेलं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा.
लोखंडी पातं नको.
रंग निघाला, की गंज आलाच.
मग जागा पुसा, आणि पूर्ण वाळू द्या.
इथंच मंडळी घाई करतात.

दुकानदार न्हाणीघराचं सिलिकॉन पुढे करील.
घेऊ नका.
पुढच्या खेपेला त्यावर दुसरं काही नीट चिकटत नाही.
पत्र्यासाठी पॉलीयुरेथेन सीलंट मागा.
टप रबराचा असेल, तर रबराला चालणारंच घ्या.

स्क्रूचं डोकं पूर्ण झाकेल, इतकं भरा.
चांगलं सुकू द्या.

मग झारीनं सांध्यावर पाणी सोडा…
आणि घरातल्या एकाला आत बसवा, टॉर्च घेऊन.