पोरगी ‘बीसीए करते’ म्हणते, म्हणजे नेमकं काय?



बारावीचा निकाल लागला की घराघरात एकच विषय असतो, पुढं काय? पूर्वी उत्तर ठरलेलं असायचं. डी.एड., नर्सिंग, नाहीतर बी.ए.ला नाव घालायचं आणि स्थळं बघायला लागायचं. आता पोरी वेगळीच नावं घेऊन घरी येतात. कुणी बीसीए म्हणते, कुणी बीबीए सीए, कुणी बीएस्सी आयटी. आम्ही गटांच्या बैठकांना जातो तेव्हा आया हमखास विचारतात, “ताई, आमच्या पोरीचं एमएस-सीआयटी झालंय की. आता आणखी तीन वर्षं कॉम्प्युटरचं काय शिकायचं त्यात?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. पैसा आपला जाणार, वर्षं पोरीची जाणार. म्हणून आजच्या भाषणात आपण हाच विषय घेतलाय.

एमएस-सीआयटीत संगणक वापरायला शिकवतात. आपण ज्या पदवीबद्दल बोलतोय, तिच्यात धंद्याचा कारभार संगणकावर कसा उभा करायचा ते शिकवतात. परदेशात या शिक्षणाला ‘बिझनेस इन्फर्मेशन सिस्टीम्स’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर धंद्याची माहिती-व्यवस्था. शब्द जड वाटतो, पण ही व्यवस्था आपल्या गटात रोज चालते.

बघा हं. आपल्या गटात हजेरी आहे, इतिवृत्ताची वही आहे, रोकड वही आहे, बचत आणि कर्जाचं खातं आहे, प्रत्येकीचं पासबुक आहे. एकीनं शंभर रुपये बचत दिली की ती रक्कम तीन ठिकाणी लिहावी लागते. एका ठिकाणी चुकली की महिनाअखेरीस ताळा बसत नाही आणि सचिव बाई रात्री दिव्याखाली बेरजा करत बसते. आता हेच काम असं बसवायचं, की रक्कम एकदाच लिहिली आणि सगळीकडं आपोआप पोचली. गटात दोन सुनीता असतील तर एकीची बचत दुसरीच्या नावावर पडायला नको, म्हणून प्रत्येकीला एक नंबर द्यायचा. डेअरीत आपल्याला दुधाचा कोड असतो ना, तसाच. या बांधणीला डेटाबेस म्हणतात आणि या पदवीतला हा फार महत्त्वाचा विषय आहे. वह्यांची ही गोष्ट ज्या पोरीनं आईच्या मांडीवर बसून ऐकलीय, तिला तो परका वाटायचं कारण नाही.

डेअरीचंच पुढं घ्या. आपण किटली घेऊन जातो. मशीन फॅट काढतं, एसएनएफ काढतं, दरपत्रकाप्रमाणे भाव लागतो आणि चिठ्ठी बाहेर येते. दहा दिवसांनी बिल होतं, त्यातून पशुखाद्याचे पैसे आणि उचल वजा होते. चिठ्ठीवरचा भाव मशीन स्वतःच्या मनानं ठरवत नाही. कोणत्या फॅटला किती रुपये, कपात कधी आणि किती, हे कुणीतरी माणसानं आधी त्यात भरलेलं असतं.

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातला मुद्दा हाच आहे. संगणकाला जो नियम सांगाल, तो तसाच चालवतो. म्हणून नियम कोण सांगतं आणि तो कुणाला समजतो, यावर आपला पैसा अवलंबून असतो.

एक हिशेब करून दाखवतो. वही जवळ असेल तर लिहून घ्या. गटातून दहा हजार रुपये कर्ज घेतलं, महिना दोन टक्के व्याज, दहा महिन्यांत फेडायचं. दर महिन्याला मुद्दल एक हजार. आता व्याज दोन तऱ्हेनं लावता येतं. पहिली तऱ्हा, दर महिन्याला मूळ दहा हजारांवरच दोनशे रुपये. दहा महिन्यांचे झाले दोन हजार. दुसरी तऱ्हा, जेवढं कर्ज शिल्लक तेवढ्यावरच व्याज. पहिल्या महिन्यात दोनशे, दुसऱ्यात एकशे ऐंशी, मग एकशे साठ, असं उतरत शेवटच्या महिन्यात वीस. सगळी बेरीज अकराशे रुपये. कर्ज तेच, दर तोच आणि फरक नऊशे रुपयांचा. संगणकाला दोन्ही हिशेब सारखेच सोपे. गटानं बैठकीत काय ठरवलं होतं, हे विचारून तोच नियम आत घालणारं माणूस लागतं. ‘आधी लोकांना विचारा, त्यांचं काम समजून घ्या, मग प्रोग्रॅम लिहा’ हा या शिक्षणातला एक अख्खा विषय आहे. गावात वाढलेल्या पोरीला हा विषय शहरातल्या पोरापेक्षा लवकर उमजेल, असं आम्हाला वाटतं.

आता शिकवतात काय, ते थोडक्यात. अभ्यासक्रम विद्यापीठागणिक थोडा बदलतो. साधारण पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंगची सुरुवात, हिशेबशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र, इंग्रजी बोलणं-लिहिणं. दुसऱ्या वर्षी डेटाबेस, वेबसाईट बनवणं, व्यवस्थापनाचे विषय. तिसऱ्या वर्षी जावा किंवा पायथनसारख्या भाषा आणि एक प्रोजेक्ट. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर थांबावं लागलं तर अटी पूर्ण करून प्रमाणपत्र किंवा पदविका मिळते.

मराठी माध्यमातल्या पोरींना पहिलं सहा महिन्यांचं सत्र जड जातं. पुस्तकं इंग्रजीत, प्रोग्रॅमिंग नवीन. एखाद्या विषयात एटीकेटी लागते. तेवढ्यावरून “तुला झेपत नाही, घरी ये” असं म्हणू नका. तो विषय पुन्हा देता येतो. पोराला एटीकेटी लागली तर आपण त्याचं कॉलेज सोडवतो का?

आता प्रवेश. बऱ्याच ठिकाणी बारावी कोणत्याही शाखेतून चालते, काही ठिकाणी गणित किंवा सायन्स लागतं. २०२४ पासून बीसीए, बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या अखत्यारीत आले आणि त्यांच्यासाठी राज्याची सीईटी सुरू झाली. काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नाव बदलून सीईटीशिवाय प्रवेश ठेवला. आता यात पैशाचा मुद्दा कुठं येतो ते नीट ऐका.

२०२४-२५ पासून राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलंय. ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींसाठी ही सवलत आहे. मात्र प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून किंवा कॉलेजच्या पातळीवर परस्पर प्रवेश घेतला तर ही माफी मिळत नाही. खाजगी विद्यापीठांनाही ती लागू नाही. “सीईटी कशाला, आमच्याकडं थेट प्रवेश आहे” असं कुणी म्हणालं, की आधी फीचं विचारा. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, डोमिसाईल, आधारला जोडलेलं बँक खातं, ही तयारी निकालाची वाट न बघता उन्हाळ्यातच करून ठेवा. जूनमध्ये तहसीलला रांग असते.

फी माफ झाली तरी बाकीचा खर्च उरतो. बारावीपर्यंत गावाकडच्या मुलीला एसटीचा पास फुकट असतो, पुढं सवलतीचा पास काढावा लागतो. लांब राहायचं असेल तर अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. लॅपटॉप पहिल्या दिवशी लागत नाही, कॉलेजच्या लॅबवर वर्ष निघतं. पुढं मात्र मोबाईलवर भागत नाही. गट शेळीला कर्ज देतो, आजारपणाला देतो, लग्नालाही देतो. मुलीच्या लॅपटॉपला द्यायचं का, हा विषय तुमच्या पुढच्या बैठकीत घ्याच.

ज्या मुलींचं लग्न झालंय, ज्या सुना बारावी होऊन घरात आहेत, त्यांनाही दार बंद नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, दिल्लीचं इग्नू १९८५ पासून. घरचं-शेतातलं बघून तिथून पदवी करता येते. इग्नूमध्ये बीसीए आहे. अभ्यासकेंद्र किती लांब आणि संगणकाच्या तासांना कधी जावं लागतं, एवढं आधी विचारून घ्या.

शेवटी नोकरीचं. पदवी मिळाली म्हणजे मोठा पगार ठेवलेलाच आहे, असं आम्ही सांगणार नाही. सुरुवातीला बिलिंग, टॅली, माहिती भरणं, ग्राहकांच्या अडचणी सोडवणं अशी कामं मिळतात. प्रोग्रॅमिंग पक्कं असेल तर पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची वाट खुली होते. पण आपल्या तालुक्यातही बघा. पतसंस्था, दूध संघ, बाजार समिती, शेतकरी उत्पादक कंपनी, सगळीकडं संगणक आलाय. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांचं, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांचं, संगणकीकरण करायला मंजुरी दिली. आपल्या गटांच्या नोंदीही लोकओएस अ‍ॅपवर जाऊ लागल्यात. हे सगळं चालवायला माणसं लागणार. ती बाहेरून येतील, की आपल्या गल्लीतली असतील?

प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन पाच गोष्टी विचारा. पोरीबरोबर आई असू द्या, एकट्या वडलांना पाठवू नका. एक, पदवी कोणत्या विद्यापीठाची, आणि एआयसीटीईची मान्यता आहे का? दोन, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून आहे का, आणि माफी वजा जाता हातातून किती भरायचे? तीन, लॅबमध्ये दर मुलीला एक संगणक मिळतो का, आणि लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते? चार, शेवटचा तास कधी सुटतो, आणि त्यानंतर आपल्या गावची एसटी आहे का? पाच, मागच्या वर्षी पास झालेल्या मुली आज काय करतात? त्यांतल्या दोघींशी बोलायला मिळालं तर फार बरं. भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या. मूळ कागदपत्रं कॉलेजनं ठेवून घेतली तर तसं लिहून घ्या.

आपल्यापैकी कित्येकींनी अंगठा सोडून सही शिकली ती गटाच्या रजिस्टरवर. त्या सहीमुळं बँकेचा साहेब आपल्याला खुर्ची द्यायला लागला. आता वही संगणकात चाललीय. वहीतलं वाचता येणारी बाई गटाला लागत होती, तशी संगणकातलं वाचता येणारीही लागणार आहे. ती आपल्याच घरात बारावीचा निकाल हातात घेऊन बसलेली असेल, तर तिचं म्हणणं एकदा नीट ऐकून घ्या.

या आठवड्याच्या बैठकीत व्याजाचा तो हिशेब आपल्या गटाच्या वहीवर करून बघा. आपला गट कोणत्या तऱ्हेनं व्याज लावतो, ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू.

भेटू या. राम राम.