मंडळ आणि मंडळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे खरे, पण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर या मंडळात मी पोहे केले, सतरंज्या घातल्या, संक्रांतीला तिळगूळ वाटला. पण माईकपुढे कधी उभी राहिले नाही. तेव्हा चुकलेमाकले पदरात घ्यावे. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमच्या चर्चमध्ये काय चालते, ते आमच्यापैकी कोणालाच नीटसे ठाऊक नाही. तेवढे सांगा." मी आधी नाहीच म्हटले होते. मग एक प्रसंग आठवला आणि हो म्हटले. तो प्रसंग ओघाने येईलच.

माझे माहेर नगर जिल्ह्यातले. आता त्याला अहिल्यानगर म्हणतात. आमच्याकडे उपासनेला जमणाऱ्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात. म्हणजे हे आपले मंडळ आणि ती आमची मंडळी. दोन्ही शब्द एकाच घरचे. माहेरची आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली. १९७० साली नागपूरला बरीच चर्चे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, त्यात ती आहे. सासर मात्र इकडे सातपुड्यावर, आणि लूथरन. लग्न होऊन आले तेव्हा हा शब्द मला नीट उच्चारताही येत नव्हता.

मार्टिन लूथर हे जर्मनीतले एक संन्यासी आणि शिक्षक. त्या काळी पापाच्या शिक्षेतून सुटका मिळावी म्हणून लोक पैसे देऊन पत्रे विकत घेत. लूथरना ते पटेना. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी विटेनबर्ग गावी त्यांनी त्याविरुद्ध पंचाण्णव मुद्दे मांडले. त्यांच्या शिकवणीचे सार माझ्यासारखीने एवढेच समजून घेतले आहे की, देवाची क्षमा विकत मिळत नाही आणि पुण्य करून कमावताही येत नाही. ती देव आपण होऊन देतो, आपण विश्वासाने हात पुढे करायचा. ऐकायला हे सोपे वाटते. हात पुढे करणे किती अवघड असते, ते मला पुढे कळले.

आपल्या देशात लूथरन मिशनरी १७०६ साली तमिळ मुलखात तरंगंबाडीला आले. रांचीला १८४५ साली आले. आपल्या या भागात स्वीडन देशाचे लोक आले, ते १८७७ पासून. छिंदवाड्याला आजही या चर्चचे मुख्य ठिकाण आहे. बैतूल जिल्ह्यातला पाढरचा दवाखाना आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. १९५८ साली सुरू झालेला तो दवाखाना याच चर्चचा.

लूथरांच्या पत्नीची गोष्ट मला फार आवडते. कॅथरीना तिचे नाव. ती मठातली जोगीण होती. १५२५ साली तिचे लूथरांशी लग्न झाले आणि एका जुन्या मठातच त्यांचा संसार सुरू झाला. घरात मुले, अनाथ भाचरे, शिकायला आलेले विद्यार्थी, आला-गेला पाहुणा. शेत, बाग, गुरे, डुकरे, सगळे ती बघे. लूथरांना पैशाचा हिशेब कधी कळला नाही, तो तिनेच सांभाळला. आपल्या घरोघरी हेच की! लूथरांनी असेही लिहून ठेवले आहे की बापाने बाळाची दुपटी धुतली तरी देव त्यावर प्रसन्न होतो. हे वाक्य मी आमच्या यजमानांना दोनदा वाचून दाखवले आहे.

असो. आता आमच्या इथल्या मंडळीचे सांगते.

आमची घरे सारी सव्वीस. कोणी शाळेत, कोणी दवाखान्यात, कोणी खाणीत, कोणी दुसऱ्याच्या शेतात कामाला. काही घरे गोंड, काहींची बोली हिंदी, आणि मराठी बोलणारी मी एकटी. पादरीसाहेबांकडे तीन गावे आहेत, म्हणून ते आमच्याकडे दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी येतात. बाकीच्या रविवारी मंडळीतले वडीलधारे शास्त्रपाठ वाचतात आणि प्रार्थना चालवतात. आरंभी सगळ्यांनी मिळून आपल्या पापांची कबुली द्यायची, मग क्षमेचे वचन ऐकायचे, मग गीते, पाठ, उपदेश. वेदीवरचे वस्त्र ऋतूप्रमाणे बदलते. नाताळाच्या आधीचे चार आठवडे आणि उपवासकाळात जांभळे, नाताळात आणि ईस्टरला पांढरे, पवित्र आत्म्याच्या सणाला लाल, एरवी बहुतेक हिरवे. ती वस्त्रे आम्ही बायकाच शिवतो. नाताळाला इथे 'बडा दिन' म्हणतात. माझ्या करंज्या आणि सासूबाईंचे अरसे एकाच ताटातून तुमच्या घरी येत असत, ते आपल्याला आठवत असेल. ईस्टरच्या पहाटे, अंधार असतानाच, आम्ही कबरस्तानात जातो, आपापल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्ती लावतो आणि सूर्य वर येईपर्यंत गीते म्हणतो.

आरंभी मला इथे करमेना. गीते हिंदी, चाली निराळ्या. मी आपली मनात 'उपासना संगीता'तली मराठी गीते म्हणायची. एकदा तर आज्ञा म्हणताना माझी फजितीच झाली. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आम्ही माहेरी नववी म्हणून पाठ केलेली. इथे ती आठवी. आज्ञा तेवढ्याच, मोजण्याची रीत वेगळी. मी "नववी" म्हणून मोठ्याने सांगितले आणि पोरे हसली. घरी आल्यावर सासूबाईंनी जवळ बसवून लूथरांची लहान धर्मप्रश्नोत्तरी शिकवली. लूथर खेड्यापाड्यांतून फिरले तेव्हा लोकांना साधी प्रभूची प्रार्थनाही येत नाही असे त्यांना दिसले. म्हणून १५२९ साली घरच्या कर्त्या माणसाने मुलांना आणि गड्यामाणसांना शिकवावे यासाठी त्यांनी हे लहानसे पुस्तक लिहिले. त्या आठव्या आज्ञेचा अर्थ त्यांनी असा सांगितला आहे की, नुसते खोटे न बोलणे पुरेसे नाही. शेजाऱ्याविषयी चांगले बोलावे आणि त्याच्या वागण्याचा होईल तितका बरा अर्थ घ्यावा. मी ते घोकून पाठ केले. पाठ करणे आणि कळणे यात पुढे वीस वर्षे गेली.

आमच्या बायकांची एक रीत आहे. स्वयंपाकाला तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ देवाची म्हणून वेगळ्या डब्यात टाकायची. गरिबाच्या घरची मूठ लहान, पण ती निघतेच. महिन्यातून एकदा सगळ्या जणी डबे घेऊन येतात, तांदूळ मोजून मोठ्या पिंपात जातात. त्यातून कोणा विधवेला, आजाऱ्याला देतात. उरलेले विकून मुलांची फी भरतात. त्या पिंपाची किल्ली आणि वही चार वर्षे माझ्याकडे होती. सातवी शिकलेल्या बाईला तो मोठा मान वाटे.

२०१९ सालच्या फेब्रुवारीत वर्षाचा हिशेब झाला. वहीप्रमाणे पिंपात बासष्ट किलो हवे होते. भरले सत्तेचाळीस. आमच्यात एक वयस्कर बाई आहेत, सगळे त्यांना मौसी म्हणतात. त्या सर्वांदेखत म्हणाल्या, "तांदळाला पाय फुटले वाटते." दोघी-तिघी हसल्या. मी किल्ली टेबलावर टाकली आणि घरी आले.

त्यानंतर मी प्रभुभोजनाला गेले नाही. प्रभुभोजन म्हणजे येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांना भाकर आणि द्राक्षरस दिला, त्याचा विधी. त्यात प्रभू खरोखर आपल्याला भेटतो अशी आमची श्रद्धा आहे. वेदीपुढच्या कठड्याशी सहा-सात जण गुडघे टेकतात, खांद्याला खांदा लागतो, पेला सर्वांना एकच. मोठ्या चर्चमध्ये नको ते माणूस चुकवता येते. सव्वीस घरांत कोणाला चुकवणार? मी मागच्या बाकावर बसू लागले. मग डोके दुखते म्हणून घरीच राहू लागले. मूठ मात्र सुटली नाही, कारण सासूबाई अंथरुणावरून रोज विचारत, "मूठ काढली का?" मी काढत असे आणि मनात मौसींना शिव्या देत असे. देवापुढे खोटे कशाला बोलू?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ऐन पावसात, रात्री दोन वाजता सासूबाई गेल्या. पुलावरून पाणी होते, पादरीसाहेबांना येणे शक्य नव्हते. यजमान हात-पाय गाळून बसले. तेवढ्यात दार वाजले. मौसी होत्या. लुगडे गुडघ्यापर्यंत चिंब, पिशवीत कोरी पांढरी चादर. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पाणी तापवायला सांगितले, सासूबाईंना आपल्या हातांनी न्हाऊ घातले, केस विंचरले आणि उजाडेपर्यंत उशाशी बसून राहिल्या.

सकाळी आपल्या गल्लीतल्या काकू चहाची किटली घेऊन दाराशी आल्या आणि बाहेरच थांबल्या. हळूच म्हणाल्या, "आम्ही आत आलो तर तुमच्यात चालते ना?" वीस वर्षांचा शेजार! या घरात केव्हाही यावे, हे मी त्यांना कधी सांगितलेच नव्हते. दोष त्यांचा नाही, माझा. भगिनींनो, मी आज बोलायला उभी राहिले ती या एका प्रश्नामुळे. चालते, काकू. आनंदाच्या वेळी चालते आणि दुःखाच्या वेळी तर हवेच असते. त्यानंतर तीन दिवस आमची चूल पेटली नाही. पिठलेभात तुमच्या घरांतून आला. कबर खणायला गल्लीतली मुले भर पावसात आली. मंडळीतल्या वडिलांनी शास्त्रपाठ वाचला. सासूबाईंना आवडत असे म्हणून एक मराठी गीत मी म्हटले आणि हिंदी बोलणाऱ्या बायकांनी त्याचे ध्रुपद धरले.

आठ-दहा दिवसांनी मागच्या वस्तीतली एक बाई भेटायला आली. तिचा नवरा आदल्या वर्षी माळ्यावरून पडून घरी बसला होता. ती रडत म्हणाली, "आजींनी दिवाळीच्या आधी दोनदा तांदूळ दिले, तेव्हा माझी पोरे जेवली. तुम्हीच तर मापून दिले होते, ताई." माझ्या पोटात धस्स झाले. खरेच, मीच मापले होते. सासूबाई म्हणाल्या होत्या, "लिहून ठेव." मी दिवाळीच्या गडबडीत लिहिले नव्हते. सहा महिने मी मौसींच्या नावाने बोटे मोडत होते, आणि हिशेबात चूक माझीच होती.

आता खरी परीक्षा. हे कोणाला ठाऊक नव्हते. गप्प बसले असते तर चालले असते. दोन रात्री मला झोप आली नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की, वेदीशी अर्पण आणले असताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे आणि आधी जाऊन समेट करावा. तिसऱ्या दिवशी मी मौसींच्या घरी गेले. सगळे सांगितले. वाटले, आता चांगली खरडपट्टी निघेल. मौसी बराच वेळ सुपातले खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "तांदूळ कमी होते हे खरे. पण तू चोर नाहीस हे मला त्याच दिवशी ठाऊक होते. तरी बोलले. सहा महिने मला गुडघे टेकवत नव्हते." आणि मग म्हणाल्या, "चहा ठेव, दूध आत आहे."

पुढच्या दुसऱ्या रविवारी बायकांच्या सभेत मी उभी राहून चूक सांगितली. मौसींनीही आपले शब्द मागे घेतले. मग आम्ही दोघी कठड्याशी शेजारी शेजारी गुडघे टेकून बसलो. क्षमा फुकट मिळते हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण फुकटचे घ्यायला हात रिकामा लागतो, आणि माझ्या हातात इतके दिवस राग घट्ट धरलेला होता. तेव्हापासून तांदळाची वही दोघीजणी लिहितात, आणि मोजताना दोघी सह्या करतात. विश्वास असावाच, हिशेबही असावा.

२०२० साली टाळेबंदी झाली तेव्हा चर्च बंद होते, पण मूठ बंद नव्हती. त्या पिंपातून आपल्या गल्लीतल्या दोन घरांनाही तांदूळ गेले. या वेळी मी ते लिहून ठेवले.

भगिनींनो, आमची मंडळी लहान आहे. मोठी इमारत नाही, वाजवायला पेटी आहे ती दोन सूर चुकवते. पण एखादी बाई दोन रविवार दिसली नाही तर तिच्या दाराशी कोणीतरी जाते. आपल्या मंडळातही हळदीकुंकवावरून, भिशीवरून, कोणाला आधी वाण दिले यावरून अबोला धरलेल्या भगिनी असतील. मी नावे घेत नाही. मलाही माहीत आहेत आणि तुम्हालाही. त्यांच्यापैकी एकीने आज कार्यक्रम संपल्यावर दुसरीच्या हातात चहाचा कप दिला, तर माझे बोलणे वाया गेले नाही असे मी समजेन.

आणि यंदा बड्या दिवसाला आमच्या उपासनेला सर्वांनी यावे, असे मंडळीच्या वतीने आमंत्रण आहे. आत आले तर चालेल का, असे कोणी विचारू नका. करंज्या मी करणारच आहे.