ठोका म्हणणारे कोण, ठोकले जाणारे कोण?

2025 च्या एप्रिलात पहलगामला 26 माणसं मारली. राग खराच. मे महिन्यात चार दिवस लढाई झाली, तेव्हा आपलीही पोरं चौकात ओरडत होती, "ठोका!" पण ठोकायचा दारूगोळा राहतो कुठं? आपल्याच वर्धा जिल्ह्यात, पुलगावला. 31 मे 2016 ला तिथं आग लागली; दोन अधिकारी गेले, आग विझवणारे गेले. 20 नोव्हेंबर 2018 ला निकामी करायची जुनी स्फोटकं उतरवताना सहा मेले. त्यात आसपासच्या खेड्यांतले रोजंदार मजूर होते. शत्रू? कुठंच नव्हता!

सेवाग्राम याच जिल्ह्यात, पण मी अहिंसेचं कीर्तन करायला उभा नाही. महार रेजिमेंटसाठी बाबासाहेबच झगडले. आणि त्याच बाबासाहेबांनी 1951 ला मंत्रिपद सोडताना हिशेब मांडला: 350 कोटींच्या महसुलातले 180 कोटी लष्करावर. म्हणा त्यांना देशद्रोही!

1998 पासून दोन्हीकडं उघड अणुबॉम्ब आहे. तो जात बघत नाही म्हणतात. साफ खोटं. गाडीवाला निदान पळेल, झोपडपट्टी जागच्या जागी जळेल. म्हणून या युद्धाला आपला पाठिंबा नाही. ज्यांना हवाय, त्यांनी आधी पुलगावला जाऊन रोजंदारीवर पेट्या उतरवाव्यात.